कॅचरच्या पाठीमागे उभा राहून

१२ जाने., रवि.

फायनल झाली. अंडर-१४ मुली. दिघाशीची शाळा वि. शहरातली शाळा. मी होम प्लेटवर अंपायर, मुश्ताकभाई बेसवर. दोघंच. तिसरा अंपायर बेसबॉलला कोण येणार, इथं बेसबॉल म्हटलं की लोक विचारतात स्टंप कुठायत.

मैदान अर्धंच आमचं. उरलेल्या अर्ध्यात टेनिस बॉलची क्रिकेट टुर्नामेंट, डीजे लावून. आमचा राइट फील्डर आणि त्यांचा लाँग ऑनवाला जवळजवळ पाठीला पाठ लावून उभे.

शेवटची इनिंग. दिघाशी एक रननी मागे, दोन आउट, सेकंड बेसवर त्यांची रंजना. बारीक पोरगी, पण सुटली की सुटली. बॅटरनी बॉल लांब मारला, रंजना पळाली, थर्ड बेसला वळली, घराकडे, म्हणजे होम प्लेटकडे निघाली. आणि नेमका तेव्हाच तिकडे आरडाओरडा झाला. आमच्या कामतघरच्या सोन्यानं सिक्स मारलेला. मी बघितलं. एवढंच. मान वळवली. एक सेकंद असेल, दोन असतील.

परत वळलो तर थ्रो आलेला, रंजना घसरत आलेली, कॅचरचा ग्लोव्ह खाली, आणि धूळ. मी होतो तिथंच, कॅचरच्या पाठीमागे. बोट वर केलं. हो, बोट. क्रिकेटचं. इथं मूठ दाखवायची असते. कुणीतरी हसलं, मग मूठ केली. आउट. मॅच खतम.

ती उठली. हेल्मेट काढून प्लेटवर आपटलं. ‘‘तू बघलासच न्हाय! तू तिकडं बघत व्हतास!’’

त्यांच्या पी.टी.च्या भोईर मॅडम धावत आल्या. ‘‘सर, तुमच्या बेसवाल्या सरांना एकदा विचारून तरी घ्या.’’ विचारता येतं. नियमात आहे. मी म्हणालो, ‘‘माझा डिसिजन झालाय. फायनल.’’

मला आजपर्यंत कुणी सर म्हटलेलं नाही. बरं वाटलं. लाज वाटते लिहायला पण वाटलं.

घरी मटण होतं. भूक नव्हती तरी दोनदा घेतलं.


१३ जाने., सोम.

हेल्मेट आपटलं म्हणून रिपोर्ट भरावा लागला. कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन. ‘‘नुसतं आपटलं का काही बोलली पण?’’ मी म्हटलं बोलली. ‘‘काय बोलली? अपशब्द?’’ मी म्हटलं, हो, तसंच.

तोंडातून गेलं. परत ओढता आलं असतं. नाही ओढलं.

फॉर्मवर एक रकाना असतो: निर्णयाच्या वेळी अंपायर कुठे उभा होता. लिहिलं, ‘‘पहिल्या बेसच्या रेषेत, प्लेटपासून दहा फुटांवर. दृश्य स्पष्ट.’’ अक्षर पण चांगलं काढलं. दहावीच्या पेपरात एवढं चांगलं काढलं असतं तर.

खाली: ‘‘खेळाडूने अपशब्द वापरले.’’

‘तू बघितलंच नाहीस’ हा अपशब्द असेल तर आई मला रोज अपशब्द वापरते.

मुश्ताकभाईंची सही लागते, दुसरा अंपायर म्हणून. त्यांनी वाचलं. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा वाचलं, सही केली. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

परत येताना, मी कामाला आहे त्या गोडाऊनच्या गेटखाली एक कंटेनर अडकलेला. ड्रायव्हर टायरमधली हवा सोडून तो खाली घेत होता. तासभर बघत उभा राहिलो. दुपारच्या ड्युटीला उशीर. सुपरवायझर म्हणाला, तुला पगार बघण्याचा मिळतो का?


१४ जाने., मंगळ.

संक्रांत. आईनं मु.भाईंसाठी डबा दिला, तिळाच्या वड्या. मी नेला नाही. स्टँडवर बसून निम्म्या खाल्ल्या, उरलेल्या रिक्षावाल्यांना दिल्या. ‘गोड बोला’ कुणाला म्हणू?

मु.भाईंनी दीड वर्षापूर्वी शिकवलेलं इथं उतरवून ठेवतो. त्यांच्या लूमच्या मागच्या गाळ्यात शिकवलं, विटेची प्लेट, बादलीचा कॅचर.

‘‘देख नित्या, क्रिकेटचा अंपायर खांब असतो. तिथंच उगवतो, तिथंच संपतो. तू इथं पळायचंस. रनर घरी येतोय असं दिसलं की पहिलं काम, कॅचरच्या पाठीमागून निघ. पाठीमागे राहिलास तर तुला काय दिसणार? पाठ. बाजूला सरक. ग्लोव्ह आणि रनर, दोघांच्या मधली फट दिसली पाहिजे. फट दिसली तर बोल. नाही दिसली तर भागीदाराला विचार. शरम नाही त्यात.’’

सगळं पाठ होतं.


१६ जाने., गुरु.

सोन्यानं व्हिडिओ पाठवला. ‘‘भावा माझा सिक्सर बघ, स्टेटसला ठेव.’’

अकरा सेकंदांचा. बॉल हवेत जातो, कॅमेरा बॉलमागे फिरतो, आणि डाव्या कोपऱ्यात आम्ही. बारीक, पण आम्हीच. रंजना थर्डला वळते. मी कॅचरच्या मागे उभा, तोंड कॅमेऱ्याकडे. म्हणजे सोन्याकडे. ती अर्ध्यावर येते, मी अजून सोन्याकडे. मग वळतो, पाय जागचे हलत नाहीत, बोट वर.

ती आउट होती की सेफ ते व्हिडिओत दिसत नाही. मधे कॅचर, मधे मी. मी कुठे उभा होतो तेवढं मात्र एकदम साफ दिसतं.

मोठं करून बघितलं. स्लो करून बघितलं. चाळीसेक वेळा झालं असेल. मला वाटत होतं कुठंतरी, एका वेळी तरी, मी पाय उचलीन.

सोन्या फोनवर: ‘‘कसा होता?’’ मी म्हटलं, ‘‘बघितला मी. लाइव्ह.’’ खूश झाला.


१७ जाने., शुक्र.

जिल्ह्याच्या कॅम्पची यादी आली. अठरा मुली. रंजना नाही.

दुपारी भोईर मॅडमचा फोन. रागावतील वाटलं होतं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

‘‘सर, रिपोर्ट असेल तर सुनावणी होईपर्यंत नाव धरत नाहीत म्हणाले. आणि सुनावणी कॅम्प झाल्यावर आहे. तुम्हीच सांगा आता.’’

मग त्यांनी सगळं सांगितलं, मी न विचारता. कॅम्पमधून टीम निघते. टीममध्ये आली तर खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळण्यासारखी आहे, तिथंच शाळा, तिथंच खेळ. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. तिचे आईबाप दिवाळीनंतरच वीटभट्टीवर गेले. तिला न्यायला दोनदा आले होते. मॅडमनी हातापाया पडून थांबवलं, फायनलपर्यंत तरी राहू द्या, नाव येईल तिचं. ती पाड्यावर चुलतीकडे राहिली.

‘‘आता कोणत्या तोंडानं थांबवू? नेतील ते. आणि भट्टीवर गेलेली पोर परत शाळेत आलेली मी तरी बघितली नाही, सर.’’

मग म्हणाल्या, ‘‘ती शिवी देणारी नाही हो. नक्की काय बोलली ती? मी लांब होते.’’

मी म्हणालो, ‘‘रिपोर्टमध्ये लिहिलंय मॅडम.’’

फोन ठेवला. व्हिडिओ तेव्हा माझ्या त्याच हातातल्या फोनमध्ये होता.


१८ जाने., शनि.

ड्युटीला निघालो, वज्रेश्वरीच्या जीपमध्ये बसलो. ठरवलं नव्हतं. पाय असेच आहेत माझे. दोन वर्षांपूर्वी दूध आणायला गेलो तो तीन दिवसांनी नाशिकहून परत आलो.

अकलोलीच्या कुंडावर उतरलो. गरम पाणी, गंधकाचा वास, कडेला पाय सोडून बसलेले म्हातारे. गुडघेवाले, कंबरवाले. मी पण पाय सोडले. भाजलं, काढले, परत सोडले. शेजारचा म्हातारा बघत होता.

‘‘तुझा काय दुखतंय?’’

‘‘काय नाय बाबा.’’

‘‘मंग जागा कशाला अडवलीस? हा दुखणाऱ्यांचा पानी हाय.’’

उठलो. कुठं दुखतंय ते त्याला दाखवता आलं नसतं.

वाटेत एक जण बैलाची शिंगं रंगवत होता, एक निळं, एक केशरी. का म्हणून विचारलं तर म्हणाला डबा संपला. तिथं अर्धा तास गेला. मग आठवलं मी कशापासून पळतोय, आणि परत जीप पकडली. सुपरवायझरचे सहा मिस्ड कॉल.


२० जाने., सोम.

बाबांनी व्हिडिओ बघितला. मी दाखवला नाही, फोन चार्जिंगला होता, त्यांना वाटलं लग्नाचा आहे. तीस वर्षं लूमवर आहेत, कान गेलेत, पण डोळे असे की चालत्या कापडात तुटलेला एक धागा दिसतो.

एकदाच बघितला. फोन माझ्यासमोर धरला, कोपऱ्यात बोट ठेवलं.

‘‘ह्यो तू ना?’’

मान हलवली.

‘‘पोर हिकडून येते नी तू तिकडं काय बघतंस?’’

त्यांना मॅचचं काही माहीत नाही. बेसबॉल म्हणजे काय तेही माहीत नाही.

मी म्हटलं सोन्याचा सिक्सर. ते ओठ वाचतात. फोन खाली ठेवला आणि जेवायला बसले. आईनं विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, ‘‘काय न्हाय. तुझा पोऱ्या कामाला व्हता.’’


२१ जाने., मंगळ.

मु.भाईंकडे गेलो शेवटी. बारा लूम, सगळे चालू, कानात बोलावं लागतं. व्हिडिओ पुढे धरला. त्यांनी हातानंच बाजूला केला, बघितलाच नाही.

‘‘मला कशाला दाखवतोस? मी सेकंड बेसजवळ होतो. तुझं तोंड कुठं होतं मी बघितलं.’’

‘‘मग सही का केलीत?’’

त्यांनी एका लूमची धाग्याची कांडी बदलली. दुसऱ्याची बदलली. तिसऱ्याची अर्धी शिल्लक होती, ती पण बदलली.

‘‘पस्तीस साल अंपायरिंग करतोय. एक गोष्ट पाळली. अंपायरनं अंपायरला मैदानावर उघडं पाडायचं नाही. कोच ओरडेल, पब्लिक ओरडेल, आपण दोघं एक.’’

‘‘भाई, फॉर्म तर मैदानाबाहेर भरला.’’

हे मी बोललो. त्यांच्याशी मी असा कधी बोललो नाही. त्यांनी भिंतीजवळ जाऊन मेन स्विचच खाली ओढला. सगळे लूम थांबले. कामवाला धावत आला, ‘‘सेठ, क्या हुआ?’’ ‘‘कुछ नहीं, चाय पी के आ.’’

एवढ्या शांततेत मी त्या गाळ्यात कधी उभा नव्हतो.

म्हणाले, ‘‘तुला मी उभा केला प्लेटवर. लोक म्हणत होते, भाई, हा पोरगा एका जागी टिकत नाही, ह्याला कशाला. मी म्हटलं टिकेल. तो फॉर्म वाचला ना, तेव्हा मला तू नाही दिसलास, मी दिसलो. माझी निवड चुकली असं कोण म्हणेल. म्हणून सही.’’

मग म्हणाले, ‘‘लिव. माझं पण लिव, की ह्यानं बघून सही केली. फक्त आधी त्या पोरीला सांग. जिच्यावर लिहिलंस तिला पहिलं. कमिटी नंतर.’’

यंदा राज्याच्या स्पर्धेला अंपायर म्हणून त्यांचं नाव गेलंय. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. ते याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. दोघांनाही माहीत होतं.


२२ जाने., बुध.

दिघाशी. सकाळी निघालो, दुपारी पोचलो. मधे काय झालं ते लिहितो, नाहीतर सोडून देईन. रस्त्याला एका शेतात पोपटी लावलेली, वालाच्या शेंगा, मडकं, भांबुर्ड्याचा पाला, धूर. मी नुसता थांबलो तर म्हणाले या, बसा. बसलो. शेंगा खाल्ल्या, अंडी खाल्ली, त्यांच्या कुत्र्याचं नाव विचारलं. दोन तास. चांगली होती पोपटी. म्हणूनच लिहितोय.

पाड्यावर गेलो तर रंजनाची चुलती दारात भांडी घासत होती.

‘‘ती गेली ना. आत्ता गेली, दोन वाजता. बाप आलेला न्यायला.’’

दोन वाजता मी शेंगा सोलत होतो.

भट्टी कुठली ते विचारून घेतलं. नदीपलीकडे, सात-आठ किलोमीटर. गेलो नाही. पाय दुखत होते असं स्वतःला सांगितलं.


२३ जाने., गुरु.

भट्टीवर गेलो. सोन्याची बाइक घेतली, कशाला ते सांगितलं नाही.

बाप पहिला भेटला. कपाळापर्यंत माती. मी म्हटलं रंजनाला भेटायचंय, बेसबॉलवाला आहे. त्यानं हात धुतले, मला बसायला गोणपाट टाकलं. ‘‘सर, तुमी एवढ्या लांब आलाव पोरीसाठी?’’ चहा केला. भाकर दिली, सुकटीची चटणी. मला वाटलं खाल्लं नाही तर त्याला वाईट वाटेल. खाल्लं. म्हणाला, ‘‘म्याडम बी लय करतात. तुमी बी करतंव. आमची पोर नशिबवान हाय.’’ तेव्हा सांगायला पाहिजे होतं. घास तोंडात होता. गिळला, आणि मग सांगण्याची वेळ निघून गेल्यासारखी झाली.

रंजना साच्यात चिखल थापत होती. मला बघून ओळखलं, हात थांबले नाहीत.

मी म्हणालो, ‘‘मी बघितलं नव्हतं. मी तिकडे बघत होतो.’’

‘‘म्हाईत हाय मना.’’ साचा उलटा केला, वीट सोडली.

‘‘रिपोर्टमध्ये मी लिहिलं की तू अपशब्द बोललीस.’’

आता थांबली. ‘‘शिवी? कवा दिली मी?’’

‘‘नाही दिलीस.’’

‘‘देयाची असती तर चांगली दिली असती ना.’’ आणि शेजारी थापणारी तिची आई हसली, आणि ती पण थोडी हसली. मी नाही.

जे दहा दिवस डोक्यात होतं ते विचारलं. तू सेफ होतीस का? पाय लागला होता का आधी?

‘‘मना काय ठावं? माझं डोलं मिटलेलं. धूळ जाते ना.’’

मी म्हटलं, मग भांडलीस कशाला?

‘‘मी सेफ हाय असा कवा बोलले? मी बोलले तू बघला न्हाय. आउट असले तर आउट. पन बघून दे ना.’’

मग पुढचा गोळा उचलला, साच्यात मारला. मी म्हटलं मी कमिटीला सगळं लिहून देतो. ती म्हणाली, ‘‘कॅम्प कदी हाय?’’ सोमवारी. ‘‘मंग उद्या दे.’’ मोठ्या माणसासारखं. तिची आई म्हणाली, सोमवारपर्यंत हिला पंधराशे ईट पाडायची हाय, कॅम्प कसला.

निघताना बाप रस्त्यापर्यंत सोडायला आला. बाइकला हात लावून म्हणाला, ‘‘येत ऱ्हावा सर.’’


२४ जाने., शुक्र.

लिहिलं. चार कागद फाडले. पहिल्या तिन्हींत ‘गर्दीच्या आवाजामुळे’ असं आलं होतं. चौथ्यात ‘क्षणभर’ असं होतं. व्हिडिओ लावून मोजलं, मान वळल्यापासून परत येईपर्यंत चार सेकंद. क्षणभर नाही.

पाचवा दिला. नक्कल इथं:

‘‘निर्णयाच्या वेळी मी कॅचरच्या पाठीमागे उभा होतो. दहा फुटांवर नव्हतो. चार सेकंद मी शेजारच्या क्रिकेट मॅचकडे बघत होतो. कॅचरचा ग्लोव्ह तिला लागला का (टॅग), ते मला दिसलं नाही. न बघता आउट दिलं. कोचनी दुसऱ्या अंपायरला विचारायला सांगितलं, मी विचारलं नाही. खेळाडूने अपशब्द वापरले नाहीत. ती म्हणाली की मी बघितलं नाही, आणि ते खरं आहे. हेल्मेट आपटलं तेवढं खरं आहे. रंजनाचं नाव या रिपोर्टमुळे थांबवू नये. १६ तारखेला मला मिळालेला व्हिडिओ सोबत पाठवत आहे.’’

मु.भाईंचं वाक्य लिहिलं नव्हतं. वाचून दाखवायला गेलो. त्यांनी पेन मागितलं आणि खाली स्वतःच लिहिलं, उर्दू वळणाच्या मराठी अक्षरात: ‘‘वरील गोष्ट मला माहीत असताना मी रिपोर्टवर सही केली.’’ नाव, तारीख. पेन परत देताना टोपण लावून दिलं.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. म्हणाले, ‘‘जा, ऑफिस बंद होईल.’’


२५ जाने., शनि.

सेक्रेटरींचा फोन. अर्धा तास. मी चार शब्द बोललो असेन.

‘‘तू शुद्धीत आहेस का? यादी गेली, पोरींना मेसेज गेले. आता कुणाला काढू? तू सांग, अठराव्या पोरीच्या बापाला तू फोन करणार?’’

हे मी धरलंच नव्हतं डोक्यात. अठरावी पण कोणीतरी आहे. तिनं काय केलंय?

मी म्हटलं एकोणीस करा. म्हणाले, ‘‘तुझ्या घरचं लग्न आहे का?’’ मग म्हणाले, मुश्ताकसारख्या माणसाला पण तू खाली ओढलंस. त्याचं राज्याचं पत्र आता मी कसं पुढे पाठवू? ते खरं आहे. पोरीला उचलायला गेलो आणि एक हात भाईंच्या खांद्यावर देऊन उठलो.

ठरलं काही नाही. अध्यक्ष गावाला आहेत, सोमवारी सकाळी येतील, कॅम्पच्या आधी बघू. बघू म्हणाले.

गोडाऊनमधून काढलं मला आज. हे वेगळं. सांगायचं राहिलं होतं.


२६ जाने., रवि.

सकाळी शाळेतून झेंड्याचं गाणं ऐकू येत होतं. भोईर मॅडमना फोन लावला. कमिटीकडून त्यांना कळलं होतं. आज सर नाही म्हणाल्या.

‘‘नितीन, सोळा तारखेला तुमच्याकडे तो व्हिडिओ आला. सतराला मी तुम्हाला फोन केला. तुम्ही ऐकून घेतलंत सगळं. ऐकून घेतलंत आणि ठेवलात फोन.’’

हो म्हटलं.

‘‘बावीसपर्यंत ती पाड्यावर होती. पाच दिवस. त्या पाच दिवसांत काहीही करता आलं असतं. आता बापाकडून तिला परत भट्टीवरून सोडवून आणायचं म्हणजे काय, कळतं का तुम्हाला?’’

कळतं म्हटलं. खरं म्हणजे गुरुवारी भट्टी बघितल्यावर कळलं. त्याआधी नाही.

‘‘मी तिला घेऊन येणार उद्या. नाव असो नसो, गेटवर उभी करणार. तुम्ही यायचं. कागदावर लिहिणं सोपं असतं.’’

आठ वाजता रिपोर्टिंग. मी साडेसातला जाईन. यावेळी मधे कुठं थांबू नये म्हणून बाबांना सांगून ठेवलं, सकाळी सोबत रिक्षात बसवून द्या. ते म्हणाले, मी स्वतःच येतो स्टँडपर्यंत. तेवीस वर्षांचा आहे मी.


२७ जाने., सोम.

मैदानाच्या ऑफिसबाहेर बाकावर लिहितोय. साडेआठ झाले.

सात पस्तीसला पोचलो. मु.भाई आधीच आलेले, इस्त्रीचा शर्ट. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. राज्याच्या पत्राचं काय झालं ते विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. म्हणाले, नाश्ता केलास? नाही म्हटलं तर स्वतःच्या डब्यातला अर्धा पराठा दिला.

अठरा मुली आत वॉर्मअप करतायत. त्यातली अठरावी कोण हे मी चेहऱ्यांवरून शोधत होतो. मूर्खपणा. सगळ्या सारख्याच हसत होत्या.

रंजना आणि मॅडम आठला आल्या, भट्टीच्या ट्रॅक्टरवरून. रंजनाच्या नखांत माती. माझ्याकडे बघितलं, मान हलवली, म्हणजे आलास. मग कुंपणाला टेकून आतला थ्रोइंग ड्रिल बघत बसली. एकीचा हात चुकत होता तर इथूनच ओरडली, ‘‘कोपर वर घे गो!’’ त्या पोरीनं घेतलं पण.

अध्यक्ष सव्वाआठला आले. मॅडम आणि रंजना आत गेल्या. दार लावलं. आवाज येतात, शब्द येत नाहीत. सेक्रेटरी मोठ्यानं, मॅडम हळू. मधे एकदा हसल्यासारखं, मग काहीच नाही.

मु.भाई म्हणाले, घाबरलास? मी म्हटलं नाही. म्हणाले, घाबर. चांगलं असतं.

आत्ता मॅडम दारात आल्या. म्हणतात, ‘‘नितीन, आत या. पत्र वाचलं त्यांनी. म्हणतात, यात लिहिलंय ते त्यांनी तोंडानं सांगावं, सगळ्यांसमोर, मग नावाचं ठरवू.’’

सगळे म्हणजे कोण कोण, विचारलं.

‘‘अध्यक्ष, सेक्रेटरी, मी, रंजना. आणि तिचे वडील. ट्रॅक्टर त्यांनीच आणला, लावायला मागे गेले होते, मागच्या दारानं आत आले. त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही, रंजनाच्या आईनंही नाही. ते आत विचारत होते, आमचे सर आले का?’’

उठतो.